राळेचा धूर

जुवारियाने चांतिंगच्या, म्हणजे मेणाच्या लेखणीच्या, नळीत हलकी फुंकर मारली, अडकलेला मेणाचा थेंब मोकळा केला आणि तांब्याचं बारीक टोक कापडावर टेकवलं. पाकळीची कड न थांबता उतरायला हवी. मध्येच हात अडखळला तर मेणाची गाठ बसते आणि कापड रंगातून निघालं की ती गाठ आंधळ्यालाही दिसते. पाकळी पुरी झाल्यावरच तिने हात उचलला आणि मान न वळवता म्हणाली,

"खोकायचं असेल तर बाहेर जाऊन खोक. माझा हात हलतो."

शेगडीच्या पलीकडे बसलेल्या विनार्तीने डोक्याच्या रुमालाचं टोक तोंडावर दाबलं. खोकला दाबला गेला, पण तिचे खांदे हलत राहिले.

लासेममधल्या त्या जुन्या घराच्या मागच्या पडवीत एकाच शेगडीभोवती तिघी कापडावर मेणाने नक्षी काढत बसत. जुवारिया, तिची भाची विनार्ती आणि जुनी सोबतीण सारिंतेन. कढईत मेण उकळत होतं. त्या दिवशीच्या मेणात राळ जास्त पडली होती. राळ जास्त असली की रेघ टणक बसते, पण धूर दाट येतो आणि घशात गोडसर, कडू असं काहीतरी चिकटून राहतं. बाहेरून मासळी बंदराचा वास येत होता, तो त्या धुरापुढे टिकत नव्हता.

"मेण आज करपलंय वाटतं," सारिंतेन म्हणाली. तिला गप्प बसवत नसे. "माझेसुद्धा डोळे झोंबतायत. पोरीला जरा दाराशी बसू दे की."

"दाराशी बसून मेण थिजतं."

"मग थिजू दे घटकाभर. नवरदेव काही आज लग्नाचं सारोंग न्यायला येत नाहीये."

विनार्तीने चांतिंग कढईच्या काठावर ठेवलं. "मावशी," ती म्हणाली, थांबली, पुन्हा म्हणाली, "मावशी, मला..." पुढचे शब्द आलेच नाहीत. तिच्या छातीतून बारीक शिट्टीसारखा आवाज येत होता.

"दुपार झाली की सगळ्यांचाच दम आखडतो," जुवारिया म्हणाली. "आम्ही काय सांगत सुटतो का?"

सारिंतेनचा हात थांबला. हेच शब्द, याच पडवीत, तिने पूर्वी एकदा ऐकले होते. तेव्हा ते रुम्यातीला उद्देशून होते. रुम्याती म्हणजे जुवारियाची धाकटी बहीण, विनार्तीची आई. एका लग्नाचं कापड द्यायचं राहिलं होतं आणि रुम्याती सकाळपासून म्हणत होती की श्वास पुरत नाही. जुवारियाने तिला उठू दिलं नाही. दुपारनंतर तिला खरोखरच बसवेना, तेव्हा जुवारियाने तिला मागच्या खोलीत पालथं निजवलं, पाठीला बाम चोळला आणि नाण्याने ओरखडे काढले, अंगात बसलेला वारा निघून जावा म्हणून. संध्याकाळच्या अजानच्या आधीच रुम्याती गेली. गावात सगळे म्हणाले, वारा बसला. अचानक कुणी गेलं की तिथे असंच म्हणतात. विनार्ती तेव्हा शाळेत जात होती. आईला शेवटची आंघोळ घालताना तिला कुणीतरी जवळ आणलं होतं, आणि आईच्या पाठीवरच्या त्या लाल रेघा तिने पाहिल्या होत्या. त्यानंतर जुवारियानेच तिला वाढवलं, खाऊ-पिऊ घातलं, हातात चांतिंग दिलं. हात आईचाच उतरला होता, सगळे म्हणत. मोठी झाल्यावर छातीही आईचीच निघाली.

सारिंतेन उठली. विनार्ती स्टुलाची कड दोन्ही हातांनी धरून पुढे वाकली होती. तिची छाती फुगलेली होती, फुगलेलीच राहिली होती, आणि तरीही ती अजून हवा आत ओढायला बघत होती. गळ्याच्या खालची कातडी प्रत्येक वेळी आत ओढली जात होती. ओठांचा रंग राखेसारखा झाला होता.

"जू, हिच्याकडे बघ तरी."

जुवारियाने बघितलं. मग ती पुन्हा कापडाकडे वळली, पण चांतिंग कढईत बुडवलं नाही. सारिंतेन तोवर पुढच्या घरात काम देणाऱ्या मालकिणीला हाका मारत धावली होती.

मालकिणीच्या गाडीतून विनार्तीला सरकारी दवाखान्यात नेलं. तिथे तोंडावर मास्क लावून औषधाची वाफ दिली, टोचलं, आणि तासाभरात ती पाठ टेकून बसू लागली. पुढच्या आठवड्यात पुन्हा दाखवायचं, तोवर मेणाजवळ बसायचं नाही, असं तिथल्या डॉक्टरीण बाईंनी बजावलं. मालकीण घाबरली होती. ती म्हणाली, "डॉक्टर सांगतील तसं करू. माझ्या घरात आणखी काही व्हायला नको." 'आणखी' हा शब्द तिच्या तोंडून सहज गेला. जुवारियाने तो ऐकला.

पुढच्या आठवड्यात विनार्ती दवाखान्यात निघाली तेव्हा जुवारिया चपला घालून दारात उभी होती.

"तुम्ही कशाला?"

"मला विचारायचंय त्यांना. तोंडासमोर. हिला खरंच काही आहे, की आईचं बघून शिकलीये."

विनार्तीने पिशवी उचलली. आईचं बघून शिकायला आई उरली होती कुठे, हे वाक्य तिच्याजवळ बरीच वर्षं तयार होतं. अशी आणखीही होती. ती वाक्यं बाहेर न काढता विनार्ती त्यांच्यासोबत जगायला शिकली होती.

ती डॉक्टरीण, अनिंद्या, वयाने विनार्तीएवढीच असेल. समारांग शहरातून नुकतीच इथे आली होती, सगळ्यांशी हसून बोलायची. जुवारियाला तिने मानाने "बू" म्हटलं आणि बसायला खुर्ची दिली. जुवारियाने बसता बसताच विचारलं,

"हे मनाचं असतं का?"

"दम्याचं? नाही बू. मन घाबरलं तर त्रास वाढतो, पण दुखणं मनाचं नाही." अनिंद्याने टेबलावरचा कागद घेतला आणि त्यावर झाडाच्या फांद्यांसारख्या रेघा काढल्या. "छातीत हवेच्या नळ्या असतात. मोठ्या, मग बारीक, मग आणखी बारीक. हिच्या नळ्या नाजूक आहेत. धूर लागला की त्या आतून सुजतात, भोवतीचे स्नायू त्यांना आवळतात, त्यात चिकट कफ भरतो. हवा कशीबशी आत जाते, पण बाहेर यायला वाट उरत नाही. आत शिळी हवा कोंडलेली, मग ताजी जाणार कुठे? बघणाऱ्याला वाटतं हिला श्वास घेता येत नाही. खरं तर तिला तो सोडता येत नाही."

विनार्ती त्या रेघांकडे बघत होती. इतकी वर्षं जे तिच्या आत होत होतं ते कुणीतरी पहिल्यांदा नीट सांगितलं होतं, आणि सांगायला दोन मिनिटंही लागली नव्हती.

"धूर मलाही लागतो," जुवारिया म्हणाली. "लहानपणापासून तिथेच बसलेय. मला कुठे काय झालं?"

"सगळ्यांना होत नाही. पण तुमच्या मेणात राळ असते ना? राळेच्या धुराने काहींना वर्षानुवर्षांनी दमा सुरू होतो. ज्यांच्या घरात आधीपासून आहे त्यांना लवकर."

"आमच्या घरात कुणाला नाही."

विनार्तीने मान वर केली. जुवारिया समोरच्या भिंतीकडे बघत होती.

अनिंद्याने कपाटातून एक प्लॅस्टिकची नळी काढली. तिच्या अंगावर आकडे होते आणि त्यांच्या बाजूने सरकणारी एक लाल खूण. "यात एकदम जोरात फुंकायचं. किती जोराने हवा बाहेर येते ते कळतं." विनार्तीने फुंकलं. खोकला येईल या भीतीने तिने फुंकर मध्येच आखडती घेतली. खूण थोडी सरकली आणि थांबली.

"असं नाही. घाबरू नकोस. बू, तुम्ही दाखवा हिला. चांगल्या माणसाची फुंकर कशी असते ते बघू दे."

जुवारिया खुर्चीत सावरून बसली. फुंकर म्हणजे तिचं रोजचं काम. लासेममध्ये तिच्याइतकी स्वच्छ रेघ कुणाची नाही असं लोक म्हणत. तिने नळी तोंडात धरली, विनार्तीकडे एकदा बघितलं आणि फुंकलं.

खूण जेमतेम हलली.

"ओठ घट्ट मिटा, बू. हवा बाजूने जातेय."

तिने ओठ मिटले आणि पुन्हा फुंकलं. मग तिसऱ्यांदा. तिसऱ्या फुंकरीनंतर तिला खुर्चीचा हात धरावा लागला. लाल खूण विनार्तीच्या अर्ध्या फुंकरीच्याही बरीच खाली उभी होती.

"यंत्र बिघडलंय," जुवारिया म्हणाली.

अनिंद्याने नळीचं तोंड बदललं आणि स्वतः फुंकलं. खूण सटकन वरच्या टोकाकडे गेली. तिचं हसू आता मावळलं होतं. तिने स्टेथोस्कोप कानाला लावला आणि जुवारियाच्या पाठीवर टेकवला. इथे, मग खाली, मग दुसऱ्या बाजूला. बराच वेळ ती ऐकत राहिली.

"झोपताना आडव्या झोपता?"

"उशीला टेकून. बसल्यासारखी."

"कधीपासून?"

"तशी सवय आहे."

"पहाटे खोकला येतो?"

"पहाटे कुणाला येत नाही?"

"बाजारात चालत जाता? वाटेत थांबावं लागतं?"

"बायकांना थांबावंच लागतं. ओझं असतं. सगळ्यांनाच दम लागतो." तिने पदर सावरल्यासारखा खांद्यावरचा रुमाल ओढून घेतला. "मी सांगत नाही एवढंच."

विनार्ती ऐकत होती. तिला मावशी लवकर निघायची ते आठवलं. कुठेही जायचं असलं तरी सगळ्यांच्या आधी, एकटी. बरोबर चालायला नको म्हणायची, बायका फार बडबडतात म्हणून. कामावर सगळ्या गाणी म्हणायच्या तेव्हा ही म्हणायची नाही. घरी कुणी जोरात हसलं तर उठून जायची. सगळं गाव हिला खडूस म्हणत होतं. विनार्ती स्वतः काय म्हणत होती ते तिने कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

"बू, मी तुम्हाला थोडं औषध देते. आत्ताच. मग पुन्हा फुंकून बघू."

जुवारिया नको म्हणेल असं विनार्तीला वाटलं. ती म्हणाली नाही. बाटलीसारख्या एका प्लॅस्टिकच्या डब्याला औषधाचा पंप लावून अनिंद्याने तो तिच्या तोंडाशी धरला. "आधी सगळा श्वास सोडा. आता हळूहळू घ्या. धरून ठेवा, मनात दहापर्यंत मोजा. सोडा." असं तिने काही वेळा करायला लावलं आणि दोघींना बाहेरच्या बाकावर बसायला सांगितलं.

बाकावर दोघींच्या मध्ये विनार्तीची पिशवी होती. समोर एक बाई मुलाला भात आणि सोयाबीनचा तळलेला टेंपे भरवत होती. मूल तोंड फिरवत होतं. 

मग जुवारियाला जांभई आली. ती लांबली, आणखी लांबली, खांदे वर गेले, आणि मग काहीतरी आत खोल जाऊन पोचल्यासारखी ती थबकली. तिने सावकाश श्वास सोडला. पुन्हा घेतला. पुन्हा सोडला. हात पोटावर ठेवून ती अगदी स्थिर बसली, जसं काही आवाज करून चालणार नव्हतं.

"विन्."

"काय?"

"तू असा घेतेस? श्वास?"

"बरी असते तेव्हा."

"आणि बाकीचे? ही बाई? सारिंतेन?"

"असाच घेतात, मावशी."

"रोज?"

 जुवारियाने उत्तराची वाट पाहिली नाही. ती समोरच्या बाईकडे बघत होती. मुलाला भरवता भरवता ती बाई शेजारणीशी बोलत होती, मध्येच हसत होती, मुलाला दटावत होती, आणि हे सगळं करताना तिला श्वासाची आठवणसुद्धा होत नव्हती.

आत गेल्यावर जुवारियाने फुंकलं. खूण वर सरकली. पुरती नाही, पण आधीपेक्षा पुष्कळ वर. अनिंद्या खूश झाली.

"बघा बू. म्हणजे नळ्या अजून उघडतायत. उशीर झालाय, पण फार नाही. एक औषध रोज घ्यायचं, सूज उतरायला. बरं वाटलं तरी सोडायचं नाही. दुसरं त्रास झाला तर. आणि मेणाचा धूर दोघींनाही बंद."

जुवारियाने औषधाचा खोका हातात घेतला. तो उलटसुलट करून पाहिला.

"हे नवीन निघालंय का?"

"कुठलं, हे? नाही हो. हे जुनंच आहे. माझ्या जन्माच्याही आधीपासून मिळतं." अनिंद्या दुसऱ्या खोक्यावर काहीतरी लिहीत होती, तिने वर पाहिलं नाही. "तुमच्याच इथे कपाट भरलेलं असतं. लोक येत नाहीत एवढंच."

जुवारियाने मान हलवली. खोका तिने विनार्तीच्या पिशवीत ठेवला, तोही नीट, कोपरा दुमडणार नाही असा.

परतीच्या वाटेवर बेचाकवाला, म्हणजे सायकलरिक्षावाला, म्हातारा होता, सावकाश पायडल मारत होता. मिठागरांवरून वारा येत होता. 

"मला वाटायचं सगळ्यांना असंच होतं," जुवारिया म्हणाली. ती रस्त्याकडे बघत बोलत होती. "तिलाही तेवढंच होत असेल जेवढं मला होतं. मी काम टाकत नव्हते. मग तिने का टाकावं?"

विनार्तीने पिशवी मांडीवर घेतली.

"मला तिचा राग यायचा. आम्हा दोघींना एकच त्रास, मी गप्प राहून काम करते आणि ही मात्र सांगून मोकळी होते."

"ती तुम्हाला सांगत होती."

"हो. सांगत होती."

"तुम्ही ऐकलं नाही."

"ऐकलं," जुवारिया म्हणाली. "खरं वाटलं नाही."

विनार्तीला वाटलं होतं, असा दिवस कधी आला तर आपल्याला मोकळं वाटेल. साठवलेली वाक्यं एकेक करून बाहेर येतील. आता ती आठवून पाहिली तर त्यांतलं एकही उपयोगाचं राहिलं नव्हतं. इतकी वर्षं तिने एका धडधाकट, निर्दय बाईचा राग केला होता. ती बाई कधी नव्हतीच. शेजारी बसली होती ती वेगळीच कुणी होती, आणि तिचा राग करायचा तर नव्याने सुरुवात करावी लागणार होती. तेवढं बळ तिच्यात नव्हतं. आपलं काहीतरी चोरीला गेल्यासारखं वाटून ती बेचाकच्या कडेला सरकून बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी जुवारिया नेहमीसारखी सगळ्यांच्या आधी पडवीत जाऊन शेगडीशी बसली. मालकीण म्हणाली, डॉक्टरांनी नको म्हटलंय ना? जुवारिया म्हणाली, ते पोरीला. सारिंतेनने विनार्तीला बाजूला घेऊन विचारलं, आणि विनार्तीने काय ते सांगितलं. सारिंतेन बराच वेळ ओट्यावर बसून राहिली. 

जुवारियाच्या औषधाचा खोका घरी कपाटावर होता तसा राहिला. विनार्ती आठवण करायची, जुवारिया हो म्हणायची. खोक्यावरचं पातळ वेष्टणसुद्धा फुटलं नाही. रात्री पडद्याच्या पलीकडून मावशीच्या श्वासाचा आवाज यायचा. तो पूर्वीही येत असणार. आता विनार्तीला तो ऐकू येत होता आणि ऐकू आला की झोप लागत नव्हती. अनिंद्याने काढलेल्या फांद्या तिला डोळ्यांसमोर दिसायच्या, टोकाटोकाशी बुजलेल्या.

सालातिगाला तिची एक वर्गमैत्रीण कापडाचं दुकान चालवायची. तिकडे डोंगराची हवा, धूर नाही. ये म्हणून ती केव्हापासून बोलवत होती. विनार्तीने जायचं ठरवलं. जुवारियाला सांगितलं तेव्हा ती मेण गाळत होती.

"जा," ती म्हणाली. "कापड मी पुरं करते."

"मी कापडाचं विचारत नाहीये."

"मला कळतंय तू काय विचारतेस." तिने फडक्यातून राळेचा गाळ झटकला. "जा तू."

निघायच्या दिवशी बसथांब्यावर जुवारिया सोबत आली. या वेळी ती आधी निघून गेली नाही. दोघी बरोबर चालल्या, आणि जुवारिया जिथे थांबली तिथे विनार्तीही थांबली. काय झालं असं तिने विचारलं नाही. जुवारियानेही कशाचा बहाणा केला नाही.

बस उभी होती. कंडक्टर दारात लोंबकळत सालातिगा, सालातिगा ओरडत होता. जुवारियाने कमरेच्या पिशवीतून खोका काढला आणि विनार्तीच्या सामानात वरच घातला.

"हे काय?"

"तुझं संपलं तर असू दे. परक्या गावात कुठे शोधशील?"

"हे तुमचं आहे. रोज घ्यायचंय."

"मला सवय आहे, विन्. इतकी वर्षं गेली. उरलेलीही जातील."

विनार्तीने खोका बाहेर काढला. तिचा आवाज चढला नाही, पण शेजारी उभ्या असलेल्या बायकांनी वळून पाहिलं.

"स्वतःला शिक्षा करायची असेल तर दुसरी कुठलीतरी करा. ही नको. तुम्ही अशा गेलात तर मलाच बोलावतील. तुमचं अंग मलाच धुवावं लागेल. मी एकदा पाहिलंय ते. शाळेत होते तेव्हा पाहिलंय. पुन्हा मला बघायला लावू नका."

जुवारियाच्या चेहऱ्यावरचं काही हललं नाही. मात्र तिचे हात, ज्यांनी कधी रेघ वाकडी काढली नव्हती, ते रुमालाच्या टोकाशी काहीतरी शोधत राहिले.

"तुला आईची आठवण येते," ती म्हणाली. तो प्रश्न होता की काय, ते कळलं नाही.

"मला तुमचा राग येतो," विनार्ती म्हणाली. "अजून येतो. तो राहू दे माझ्याजवळ. तुम्ही मरून तोही काढून घेऊ नका."

तिने वेष्टण दातांनी फाडलं, पंप बाहेर काढला, हलवला आणि मावशीच्या हातात दिला. "घ्या. माझ्यासमोर."

जुवारियाने पंप तोंडाशी नेला आणि दाबला. फवारा ओठांवर आपटून बाहेर उडाला. शेजारची एक पोरगी हसली, तिच्या आईने तिला चिमटा काढला.

"तसं नाही. आधी सगळा सोडा."

जुवारियाने श्वास सोडायला सुरुवात केली. तो लवकर संपेना. एक बारीक शिट्टी त्याच्याबरोबर बाहेर येत राहिली, थांब्यावरच्या गलक्यातही ती विनार्तीला ऐकू येत होती. ड्रायव्हरने इंजिन चालू केलं. कंडक्टरने बसच्या पत्र्यावर थाप मारली.

"आता घ्या. हळू. दाबा. अजून घ्या, अजून. आता धरून ठेवा. मनात दहा."

जुवारियाने ओठ मिटले.

"ताई, येताय की नाही?" कंडक्टर म्हणाला.

विनार्तीने सामान उचललं. मिठी मारायची की पाया पडायचं हे तिला ठरवता आलं नाही, आणि मग दोन्ही राहिलं. ती चढली, बस हलली, मागच्या बाकावरची जागा मिळाली. काच खाली ओढून तिने वळून पाहिलं.

जुवारिया तिथेच उभी होती. पंप छातीशी धरलेला, गाल ताठ, डोळे कुठेतरी पलीकडे लागलेले. लोक तिच्या बाजूने जात-येत होते. बस कोपऱ्यावर आली, ट्रकसाठी थांबली, मग वळू लागली. दहा केव्हाच होऊन गेले असणार.

जुवारियाने अजून श्वास सोडला नव्हता.